विनाप्रश्न स्थापना

“अव्वा, तुझ्या धाकट्याला सांग, डोक्याला जरा तेल लाव म्हणावं. नोकरी लागल्यापासनं केस वाऱ्यावर आणि मेंदू तारेवर, असं झालंय त्याचं.”

हे वाक्य उच्चारताना भूपाल मगदूम याचे ओठ हलले नाहीत; ते कित्येक वर्षे हललेच नव्हते. त्याच्या उशाशी ठेवलेल्या, पावाच्या लादीएवढ्या करड्या पेटीतून ते वाक्य बाहेर आले. परंतु ते भूपालचेच होते, याविषयी त्या घरात कोणाच्याही मनात तिळमात्र संशय नव्हता. इचलकरंजीच्या मागवाल्यांमध्ये जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेला यंत्रमाग कान लावून दुरुस्त करणारा कारागीर म्हणून, भूपालची ख्याती होती; आणि त्याहून मोठी ख्याती त्याच्या जिभेची होती. चेतातंतू कुरतडणाऱ्या रोगाने त्याचे हात नेले, पाय नेले, गळाही नेला. जीभ मात्र या पेटीने राखली होती.

“दादा, तुझ्या डोक्याला तेल लावायला घरात दोन माणसं हायत. माझं कोण बघतंय?” तुषार चपला सरकवीत म्हणाला.

“म्हणून तर सांगतोय. टकल्याला पोरगी कोण देणार?”

अव्वा, म्हणजे त्या दोघांची आई, तोंडाला पदर लावून हसली. आतून भूपालची पत्नी पद्मावती ओरडली, “सकाळी सकाळी भावजींच्या मागं लागू नका हो.” त्यावर पेटी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “हेडमास्तरांचा हुकूम. गप्प बसतो.” पद्मावती प्राथमिक शाळेत साधी शिक्षिका होती, हेडमास्तर ही पदवी तिला नवऱ्याने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बहाल केली होती.

या पेटीचे नाव वाचासेतू. मनुष्य बोलू पाहतो तेव्हा मेंदूकडून गळ्याच्या स्नायूंकडे विजेचे अतिसूक्ष्म संदेश निघतात. स्नायू दुबळे झाले की शब्द उमटत नाही. संदेश मात्र निघतच राहतो. गळ्याला चिकटवलेली एक पातळ पट्टी तो टिपते आणि पेटी त्याचा शब्द बनवते. येथपर्यंत सारे सोपे वाटते. खरी अडचण अशी की, हे संदेश हस्ताक्षराप्रमाणे माणसागणिक निराळे असतात. म्हणून पेटीला त्या एकाच माणसाजवळ राहून शिकावे लागते. भूपालची पेटी, त्याची जीभ जड परंतु जिवंत होती, तेव्हापासून शिकत आली होती. तो जसजसा क्षीण होत गेला, तसतशी ती मंदातला मंद संदेश ओळखण्यास सरावली. शेकडो मागांच्या खडखडाटात जॉबरला एकाच मागाचा चुकलेला ठोका ऐकू यावा, तशी. आता तर त्याची पापणीही त्याचे ऐकत नव्हती. त्याच्या गळ्यातील संदेश इतका विझत आला होता की, दुसऱ्या कोणत्याही यंत्राला तो संदेश आहे हेच कळले नसते.

पेटीने मिळवलेल्या या ज्ञानास ‘छाप’ म्हणत. छाप पेटीच्या पोटातच राही. माणसाच्या मज्जातंतूंतून निघालेली कोणतीही गोष्ट त्याच्या घराबाहेर साठवता कामा नये, असा कायदा त्या काळी झाला होता. आणि तो योग्यच होता, कारण त्यापूर्वी लोकांच्या मनातले चोरून विकण्याचा धंदा काहींनी मांडला होता. सबब छापेची दुसरी प्रत कोठेही नसे.

तुषार वाचासेतूच्या केंद्रात नोकरीस होता. रुग्ण निवर्तला की त्याची पेटी केंद्राकडे परत येई, आणि तिच्यातील छाप पुसून ती दुसऱ्या रुग्णास दिली जाई. पुसणे आणि नवे करणे, हेच तुषारचे काम. त्यासाठी त्याने एक बोटाच्या पेराएवढा पेनड्राइव्ह तयार केला होता. त्यास तो किल्ली म्हणे, आणि तिच्या प्रती तालुक्यांतील कर्मचाऱ्यांकडेही असत.

कोणताही संगणक सुरू होताना प्रथम हे शोधतो की, आपण कोणाच्या आज्ञेने चालायचे. सामान्यतः ती आज्ञा त्याच्या स्वतःच्या डिस्कवर लिहिलेली असते. परंतु बाहेरून पेनड्राइव्ह लावलेला असल्यास पहिला मान त्याला द्यावा, असे त्यास सांगून ठेवता येते; प्रत्येक पेटीतील संगणकास तसे सांगूनच ठेवलेले होते. मग तो पेनड्राइव्हवरील लिनक्स नावाची कार्यप्रणाली उचलतो, आणि तेथील स्थापक, म्हणजे नवी व्यवस्था बसवून देणारी प्रणाली, कामास लागतो. हा स्थापक मुळात मोठा विचारपूस करणारा. भाषा कोणती? घड्याळ कोठले? जुने सगळे पुसू का? पण या प्रश्नांची उत्तरे एका फाइलीत आधीच लिहून शेजारी ठेवली की तो तोंड उघडत नाही. उत्तरे वाचतो आणि मुकाट्याने काम उरकतो. ती उत्तरे तुषारने स्वतः लिहिली होती, पुन्हा पुन्हा तपासली होती, आणि त्यांचा त्याला अभिमान होता.

पहिल्या किल्लीत त्याने एक प्रश्न मुद्दाम राखला होता. पेटीच्या पडद्यावर रुग्णाचे नाव येई आणि खाली अक्षरे उमटत: ‘यांची छाप कायमची नष्ट होईल. पुढे जायचे का?’ पण तालुक्यांतील कर्मचारी त्या प्रश्नापाशी येऊन थबकू लागले. शिरोळकडील एका बाईंनी तर पेटी तशीच उघडी ठेवून त्याला फोन केला. “तुषारभाऊ, मयताचं नाव समोर दिसतंय. त्यांच्या घरी मी चहा प्यालेय. मला न्हाई हो दाबवत.”

केंद्राच्या प्रमुख शिरगुप्पे मॅडम या कामसू आणि मनाने चांगल्या होत्या. त्यांनी तुषारला बोलावले. “काढून टाक तो प्रश्न. गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा मारल्यासारखं वाटतं त्या बायकांना.”

“मॅडम, चुकून चालत्या पेटीला किल्ली लागली तर?”

“चालत्या पेटीला कोण लावेल? आपण काय घरोघर किल्ल्या वाटणार आहोत?”

तुषारला ते पटले. खरोखरच, चालत्या पेटीला किल्ली लावण्याचे कारण कोणाला असणार होते? त्याने प्रश्नाच्या जागी ‘हो’ असे लिहून टाकले. शिवाय पुसण्याचे काम त्याने सर्वांत आधी ठेवले. छाप सांकेतिक लिपीत लिहिलेली असते आणि ती लिपी उलगडणारी एक भली मोठी संख्या पेटीत दडवलेली असते. किल्ली लागताच पहिल्या श्वासात ती संख्या नष्ट होई. मग डिस्कवर अक्षरे उरली काय नि न उरली काय. विश्वातील कोणताही पंडित ती वाचू शकत नसे. मेलेल्या माणसाचे मन कोणाच्याही हाती लागू नये, असा त्यामागे उदात्त हेतू होता.

इचलकरंजीतील जुने खडखडणारे माग केव्हाच भंगारात गेले होते. त्यांच्या जागी आलेले नवे माग कुजबुजत चालत. परंतु खंडेनवमी चुकली नव्हती. त्या दिवशी माग थांबत, हत्यारे धुतली जात, त्यांना कुंकू आणि झेंडू वाहिला जाई. मगदुमांच्या घरी त्यापुढे आणखी एक रीत होती. पूजा झाली की हत्यार ज्या यंत्राचे, त्या यंत्राला ते लावायचे आणि यंत्राला एक फेर द्यायचा. म्हणजे क्षणभर बंद करून पुन्हा चालू करायचे. मग शिलंगणापर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या दसऱ्यापर्यंत, ते हत्यार तेथून हलवायचे नाही. फेर न दिलेले हत्यार वर्षभर रुसते, असे अव्वाचे सासरे म्हणत. पुढे नवरा म्हणू लागला आणि आता अव्वा म्हणत असे.

त्या सकाळी तिने ताम्हणात भूपालचा जुना पाना मांडला, सुनेचा लाल पेन मांडला, आणि तुषारकडे वळली. “तुझं हत्यार कुठलं रे?”

“आमचं कसलं हत्यार, अव्वा?”

“ज्याच्यावर पोट चालतंय ते.”

तुषारने खिशातून किल्ली काढून ताम्हणात ठेवली. उशाशी असलेल्या पेटीने लगेच तोंडसुख घेतले. “हे बघा हत्यार! नाकात अडकलं तर शिंकून निघंल.”

“दादा, तुझ्या पान्यानं एका वेळी एक माग सुधारायचा. ह्यानं जिल्हा सुधारतोय.”

“व्हय तर. जिल्हाधिकारी आलेत, अव्वा. पाट मांड.”

तुषार हसत हसत केंद्राच्या पूजेला निघून गेला. घरच्या ताम्हणात वडिलोपार्जित पान्याच्या मांडीला मांडी लावून आपले इवलेसे हत्यार बसले, याचे त्याला अतोनात सुख वाटले होते. वाटेत त्याच्या मनात एकदाही शंका आली नाही.

केंद्रात नारळ फुटत असतानाच त्याचा फोन वाजला.

“तुषार, अरे पूजा झाली बघ,” अव्वाचा आवाज आनंदी होता. “पान्याला फेर द्यायला माग कुठाय आता? नुसतं कुंकू लावलं. तुझ्या किल्लीला मात्र फेर दिला. घरात तुझ्या कामाचं यंत्र म्हणजे भूपालची पेटीच की! तिच्या भोकात बरोबर बसली. बटण बंद केलं, चालू केलं. आता काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळायला लागल्यात. लई झोकात पळत्यात. कधी थांबायची रे?”

तुषारच्या हातातील प्रसाद खाली पडला.

“अव्वा, काढ ती.”

“काढू? शिलंगणाच्या आधी?”

“अव्वा, काढ!” तो ओरडला, आणि ओरडतानाच त्याला कळून चुकले की हे ओरडणे व्यर्थ आहे. अक्षरे पळू लागली होती, म्हणजे ती संख्या गेली होती. आता किल्ली काढली काय, पेटी विहिरीत टाकली काय, भूपालची छाप परत येणार नव्हती. असे व्हावे म्हणूनच तर त्याने रात्रंदिवस खपून ती रचना केली होती. तरीही तो गाडीवर बसला आणि घराकडे सुटला. रस्त्यावर झेंडूच्या माळा घातलेले ट्रक उभे होते, माणसे एकमेकांस पेढे देत होती, आणि तुषारला त्या सर्वांमधून आपण काचेपलीकडून चाललो आहोत असे वाटत होते.

घरी पोहोचला तेव्हा पेटी शांत होती. पडद्यावर हिरवी अक्षरे होती: ‘स्थापना यशस्वी झाली.’ मग एका अनोळखी, मंजुळ स्त्रीस्वरात पेटी म्हणाली, “नमस्कार. कृपया नवीन रुग्णाचे नाव सांगा.”

“ही कोण बाई बोलतीया?” अव्वाने विचारले.

तुषारने भावाकडे पाहिले. भूपालचे डोळे छताकडे लागलेले होते. त्यांतून पाणी गळत होते. परंतु ते तर दिवसभर गळत असे, कारण पापण्या धड मिटत नसत. त्या पाण्यावरून काहीही ठरवता येत नव्हते.

“अव्वा, तू किल्ली लावताना दादा काही म्हणाला?”

“म्हणाला की. ‘अव्वा, नको. तुषारला विचार,’ म्हणाला. मी म्हटलं, दर पूजेला तुझं नको असतंयच, त्यात नवीन काय? मग म्हणाला, ‘अव्वा, ही मस्करी न्हाई.’ तोवर मी बटण दाबलं होतं.” ती हसली. जन्मभर प्रत्येक वाक्यात थट्टा करणाऱ्या मुलाचे हे वाक्यही तिला थट्टेचेच वाटले होते. “का रे? काय झालं?”

तुषारने तोंड उघडले. त्याच्यासमोर कुंकवाने बोटे माखलेली, उपासाने थकलेली, हात जोडून तृप्त झालेली ती माउली उभी होती. तो म्हणाला, “काही न्हाई. पेटी जुनी झाली होती. परवा मी तिच्यात काहीतरी करायला गेलो, ते अंगलट आलं. माझ्याकडनं मोडली.”

“तुला सारखं कशाला हात लावायला पायजे?” अव्वा चिडली. “आता नीट कर.”

पद्मावती बाजारातून फुलांची पिशवी घेऊन आली. चपला काढता काढता नेहमीच्या आवाजात म्हणाली, “ऐकलं का, झेंडू यंदा सोन्याच्या भावानं विकायला लागलेत.” ती उत्तराची वाट पाहत उंबऱ्यातच थांबली. एवढे सोपे वाक्य तिने नवऱ्याला थट्टा करता यावी म्हणून आयते पुढे केले होते. उत्तर आले नाही. मग तिने तुषारचा चेहरा पाहिला, आणि पेटीला लागलेली, कुंकवाने माखलेली किल्ली पाहिली. ती शहाणी बाई होती. कोणी काही न सांगता तिला सारे समजले. पिशवी खाली ठेवून ती भूपालच्या पायाशी बसली आणि त्याची पावले दाबू लागली. अव्वाला काही सांगायचे नाही, हे त्या दीर-भावजयीमध्ये एक अक्षरही न बोलता ठरून गेले.

शिलंगणाची सुट्टी संपताच तुषार शिरगुप्पे मॅडमसमोर उभा राहिला. त्यांनी सर्व ऐकून घेतले; त्यांचे डोळेही भरून आले. पण त्या काय करणार?

“कुठं काही उरलं असेल का, मॅडम? कंपनीकडे? सरकारकडे?”

“तुषार, काही उरत नाही अशी खात्री तूच मला दिली होतीस. मी ती पुढे शासनाला दिली.”

“मग पुन्हा शिकवू या पेटीला. पहिल्यापासून.”

मॅडम स्वतः घरी आल्या. त्यांनी भूपालच्या गळ्याला नवी पट्टी लावली, त्याला एकेक शब्द मनात म्हणण्यास सांगितले आणि पडद्यावरील रेषेकडे पाहत राहिल्या. रेषा किंचित थरथरत होती. शब्दाच्या वेळी जशी, तशीच शब्द नसतानाही. “जुनी पेटी यांच्याबरोबर पायरी पायरीनं खाली उतरली होती,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “नव्या पेटीला एकदम तळाशी उतरवता येत नाही. तिला काही ऐकूच येत नाही.”

मग त्यांनी एक उपाय सांगितला. नव्या व्यवस्थेसोबत ‘अनुमान’ नावाची एक सोय येत असे. लक्षावधी माणसांच्या रोजच्या बोलण्यावरून तिने शिक्षण घेतलेले असे. समोरच्याने काय विचारले हे ती ऐके, पट्टीकडून येणारी थरथर पाही, आणि अशा वेळी माणूस बहुधा काय म्हणेल ते जुळवून बोलून टाकी. संदेश स्पष्ट असेल तर अनुमानाला काम थोडे. संदेश पुसट असेल तर सारे काम अनुमानाचेच. पडद्यावर त्यासाठी एक सरकपट्टी होती: डावीकडे शून्य, उजवीकडे पूर्ण. मॅडमनी ती उजवीकडे सरकवली आणि आवाज पुरुषाचा केला.

अव्वाने विचारले, “भूपाल? बाळा, बरा हाईस काय?”

पेटी म्हणाली, “मी ठीक आहे. आपण कशा आहात?”

अव्वा धाय मोकलून रडू लागली. तिने पेटीवर हात फिरवला, मुलाच्या कपाळावर फिरवला, शिरगुप्पे मॅडमच्या गालावरून फिरवून कानशिलावर बोटे मोडली. “आपण म्हणतोय बघा मला! आजारानं किती शाणा केला माझ्या लेकाला.”

त्या दिवसापासून घरात पुन्हा बोलणे सुरू झाले. अव्वा तासन्तास पेटीपाशी बसे. पाऊसपाणी, शेजारपाजार, देवळातली गर्दी, सगळे सांगे, आणि पेटी म्हणे, “हो का?”, “फार छान”, “काळजी घ्या.” आयुष्यात पहिल्यांदाच थोरला मुलगा आपले बोलणे मध्ये न तोडता ऐकतो, असे ती शेजारणीस कौतुकाने सांगू लागली.

एके दुपारी घरात दोघेच असताना तुषारने उशाशी बसून विचारले, “दादा, माझ्यावर राग हाय?”

“नाही, तुषार,” पेटी म्हणाली. “मला तुझा राग नाही. चूक कोणाकडूनही होऊ शकते.”

हेच वाक्य ऐकण्यासाठी त्याचे प्राण कंठाशी आले होते, आणि आता ते कानी पडूनही त्यास कोठे ठेवावे हे त्याला कळेना. त्याने पडद्यावर रेषा उघडून पाहिली. प्रश्नाच्या वेळी ती थरथरली होती. प्रश्नाआधीही थरथरली होती. गळ्यातील नाडी उडते तेव्हाही पट्टी अशीच थरथरते, हे तो जाणून होता. त्या थरथरीत त्याचा भाऊ त्याला क्षमा करीत होता, की अर्वाच्य शिवी हासडीत होता, की केवळ रक्त आपल्या वाटेने वाहत होते? जगात हे सांगू शकणारी एकच वस्तू होती, आणि ती त्याच्याच किल्लीने पुसली होती. त्याने पुन्हा विचारले. पेटीने तितक्याच सौम्यपणे पुन्हा क्षमा केली. तिसऱ्यांदा विचारण्याचे त्याला धैर्य झाले नाही.

पद्मावती मात्र पेटीशी बोलेनाशी झाली होती. एके संध्याकाळी ती तुषारला अंगणात घेऊन गेली.

“भावजी, घरात परका माणूस बसलाय.”

“वहिनी...”

“काल शाळेतनं आले, तर मला म्हणतंय, ‘पद्मावती, आपण थकला असाल, विश्रांती घ्या.’ लग्न झाल्यापासनं ह्यांनी मला कधी विश्रांती घे म्हटलं न्हाई. म्हणायचे, ‘हेडमास्तर, तंगड्या वर करा,’ आणि चेपायला बसायचे.” तिने डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. “आतमध्ये ते ऐकत असतील न्हवं? त्यांच्या तोंडानं दुसराच बोलतोय आणि आम्ही मान डोलावतोय. तुमच्या तोंडानं कोणी असं बोललं तर?”

हा विचार तुषारला सुचला नव्हता असे नाही. त्याने तो प्रत्येक वेळी दारातूनच परतवून लावला होता.

“बंद करा ते,” ती म्हणाली. “गप्प असलेला माझा नवरा मला चालंल.”

“अव्वाचं काय करायचं?”

“अव्वांना तुम्ही सांगा.”

“काय सांगू, वहिनी? एक सांगितलं की सगळंच सांगावं लागंल. पेटी कोणी मोडली हेही.”

एकाला न्याय द्यावा तर दुसरीचा प्राण जातो, आणि दोघांनाही वाचवावे तर रोज खोटे ऐकावे लागते, अशा कात्रीत ते दोघे सापडले होते. अखेरीस तुषार म्हणाला, “उद्या रविवार. घरी हाय मी. बघतो.”

रविवारी अव्वा देवदर्शनास गेली असता त्याने पडद्यावरील ती सरकपट्टी डावीकडे, शून्यावर आणली. खोलीत शांतता पसरली. पद्मावतीने खुर्ची पलंगाजवळ ओढली. ती नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होती, आणि किती दिवसांनी तिच्या खांद्यांवरचा ताण उतरला होता. तुषारला क्षणभर वाटले, हेच योग्य आहे, हे असेच राहू द्यावे. अव्वालाही कदाचित हळूहळू समजेल.

बारा वाजायला आले, तशी पद्मावतीने स्वयंपाकघरातून नाचणीची पातळ पेज आणली. भूपालला तोंडाने काही जात नसे. पोटात बसवलेल्या नळीतून, मोठ्या सुईविरहित पिचकारीने पेज सोडावी लागे. ती पेज ढवळून कोमट करीत होती, इतक्यात अव्वा परतली. तिने गंधाचे बोट भूपालच्या कपाळास लावले.

“भूपाल, जेवलास काय बाळा?”

पेटी गप्प राहिली.

“भूपाल?” अव्वा वाकली. बहिऱ्या माणसाच्या कानाशी बोलावे, तशी ती पेटीच्या जाळीशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाली, “जेवलास काय रे?”

काहीच आले नाही. अव्वाने सावकाश मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर तुषारने तो सोसला असता. तेथे भय होते.

“परत मोडलंस व्हय रे?”

तुषारच्या जिभेवर सारे सत्य येऊन उभे राहिले. त्याने पद्मावतीकडे पाहिले. ती काहीतरी बोलेल, निदान मान हलवून ‘सांगा’ म्हणेल, अशी त्याला आशा होती. पण ती खाली नळीकडे पाहत होती. त्याने भूपालकडे पाहिले. डोळ्यांतून पाणी गळत होते, नेहमीसारखेच.

“तुषार, लेकरा, अरे बोलता ठेव की त्याला,” अव्वा म्हणाली. “मला दुसरं काय पायजे आता?”

तुषारचा अंगठा पडद्यावर टेकला आणि उजवीकडे सरकला.

“हो अव्वा, जेवलो,” पेटी म्हणाली. “पोटभर जेवलो.”

“मग बोलायला इतका उशीर का करतोस? जीव जातोय इथं.” अव्वाने पदराने तोंड पुसले आणि समाधानाने आत निघून गेली.

पद्मावतीने पिचकारी भरली, नळीचे टोपण उघडले आणि नवऱ्याला जेवू घालू लागली.